कल्पित देशाची रायफल : खर्च किती, काळजी कोणती?

एकांकिका किंवा लघुपट कल्पित देशात घडत असेल, तर त्या देशाच्या शिपायांच्या हातात कोणती जुनी रायफल द्यायची, हे हौशी संस्थेला ठरवावेच लागते. अलिबाग ते श्रीवर्धन पट्ट्यात काम करणाऱ्यांना त्यात खिशाबरोबर कायद्याचाही विचार करावा लागतो.

आधी आराखडा

देश कल्पित असला तरी त्याच्या रायफलीला कारण हवे. उदाहरणार्थ, बोअर युद्धाच्या अनुभवानंतर इंग्रजांनी पायदळ आणि घोडदळ दोघांसाठी एकच आखूड ली-एनफिल्ड स्वीकारली. ती बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही तयार होत असे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात अनेक पोलिसांच्या हाती होती ती हीच, थ्री-नॉट-थ्री म्हणून ओळखली जाणारी रायफल. तिची लांबी सुमारे 113 सेंमी, वजन सुमारे 4 किलो आणि मॅगझिन 10 गोळ्यांचे. त्याच काळातील जर्मन माउजर 98 ची लांबी 125 सेंमी, गोळ्या 5.

तुमचा देश किनाऱ्यावरचा, आरमारी असेल तर होडीतल्या अडचणीच्या जागेसाठी रायफल आखूड ठेवा आणि खाऱ्या हवेमुळे कड्या पितळी दाखवा. लाकूड नळीच्या टोकापर्यंत न्यायचे की मध्येच थांबवायचे, बोल्टची मूठ सरळ की वाकडी, दस्त्यावर कोणते राजचिन्ह, एवढे ठरवले की रायफलीला स्वतःचा चेहरा येतो. खऱ्या रायफलीची हुबेहूब नक्कल केली तर देश कल्पित वाटत नाही.

अंदाजपत्रक : 1 मूळ नमुना, 6 प्रती

भाव गावागणिक बदलतात. पुढचे आकडे नियोजनापुरते धरा.

- लाकूड : 112 × 18 × 4.5 सेंमीची फळी म्हणजे सुमारे 0.32 घनफूट. तूट धरून अर्धा घनफूट घ्या. वर रंग द्यायचा असल्याने साग नको, आंबा पुरतो. 500 ते 700 रुपये.
- सुताराची 2 दिवसांची मजुरी : 2,000 ते 2,400 रुपये.
- पितळी पत्रा, स्क्रू, पट्टा : 800 ते 1,000 रुपये.
- रंग, पॉलिश : 400 ते 500 रुपये.
- फायबरचा साचा : 4,000 ते 5,000 रुपये.
- 6 फायबर प्रती, प्रत्येकी 1,200 ते 1,500 : 7,200 ते 9,000 रुपये.

एकूण 14,900 ते 18,600, म्हणजे एका रायफलीला सुमारे 2,100 ते 2,700 रुपये. सातही लाकडात कोरून घेतल्या तर खर्च 26,000 ते 32,000 च्या घरात जाईल. साच्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. मासेमारीच्या फायबर होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना हे काम जमते, त्यांच्याकडे विचारा. एकच प्रत हवी असेल तर मात्र साचा परवडत नाही.

इथे काटकसर नको

नळी म्हणून लोखंडी पाइप वापरू नका. लाकडी भरीव दांडा घ्या, टोकाला फक्त रंगाने भोक दाखवा. चाप आणि बोल्ट पक्के चिकटवा. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 6 नुसार नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायला परवाना लागतो, आणि तशी शंकाही येऊ देण्यात अर्थ नाही. बाराचा आवाज ध्वनिमुद्रित वापरा.

हा किनारा संवेदनशील आहे. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला उतरले होते. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरजवळ किनाऱ्याला लागलेल्या बोटीत एके-47 रायफली सापडल्या. त्यामुळे किनाऱ्यावर नकली रायफल दिसली तरी लोक घाबरतात, आणि ते योग्यच आहे. तालीम किंवा चित्रीकरणाची तारीख, जागा, रायफलींची संख्या आणि त्यांचे फोटो असलेले पत्र जवळच्या पोलिस ठाण्यात द्या, पोच घ्या आणि ती पोच सोबत बाळगा. एसटीत, लाँचवर रायफली बंद पिशवीतूनच न्या. कुलाबा किंवा जंजिरा किल्ल्यावर चित्रीकरण असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी घ्या. तिचे शुल्क वरच्या हिशेबात धरलेले नाही.

पैसे कमी पडले तर प्रती कमी करा, मागच्या रांगेला भाले द्या. भरीव नळी आणि पोलिसांचे पत्र या दोन गोष्टी मात्र सोडू नका. आराखडा कागदावर उतरला की आधी पोलिस ठाण्यात जा, सुताराकडे त्यानंतर.