मुक्कामी गाडीतला वेळ

चि. नितीनस,


परवाच्या तुझ्या फोनमधलं निम्मं ऐकू आलं, निम्मं तुटलं, म्हणून हे पत्र. एवढं कळलं की मुक्कामी गाडीचा तुला वीट आला आहे. रात्री आठला गाडी गावात लागते, ड्रायव्हर जेवून साडेआठला घोरायला लागतो, रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी, आणि पहाटेच्या साडेपाचच्या फेरीपर्यंत रात्र काही सरत नाही. ड्युटी बदलून मिळेल का, असंही विचारलंस. आगारात आता माझं कोणी ऐकत नाही, आणि ऐकत असतं तरी मी शब्द टाकला नसता. एकतीस वर्षं मीही कंडक्टरकी केली. त्यातल्या किती रात्री मुक्कामात गेल्या, याचा हिशोब कुठल्याच वे-बिलावर नाही.

त्यातली पहिली सहा वर्षं मी पत्ते कुटले. पैसे लावून नव्हे, पण कुटले. वाईट काही नव्हतं त्यात, फक्त सकाळी तोंड धुताना काल रात्री काय केलं ते आठवायचं नाही. तुझ्या मोबाइलचंही तसंच होत असणार. तासभर अंगठा सरकतो आणि कंटाळा होता तिथंच.

पत्ते सुटले ते एका पासवाल्या मास्तरांमुळे. एकदा घाटात गाडी बंद पडली. सगळे शिव्या घालत होते आणि मास्तर माझ्या ट्रेमधल्या तिकिटाचा नंबर बघत होते. म्हणाले, यातले शेवटचे चार आकडे घ्या. होते 3524. ते आधी उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजा करा. 5432 वजा 2345, म्हणजे 3087. पुन्हा तेच : 8730 वजा 0378, 8352. पुन्हा : 8532 वजा 2358, 6174. आता 6174 वरही तेच करून बघा. मी केलं. 7641 वजा 1467, परत 6174! चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं, कुठलाही नंबर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथंच येऊन थांबतो. हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी, 1949 साली. मोठ्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते ते, नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. त्यांच्या दुसऱ्या एका जातीच्या संख्यांना 'डेमलो संख्या' म्हणतात, कारण त्या त्यांना डोंबिवली स्टेशनावर सुचल्या. डोंबिवली स्टेशनावर, नितीन! तिथं आपण लोकलला शिव्या देतो. 1975 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगाला ते कळले. तोवर ते निवृत्तही झाले होते.

आज रात्री तुझ्या गाडीच्या पाटीवरचे चार आकडे घेऊन बघ. कागद-पेन्सिल पुरे.

पण हा झाला दहा मिनिटांचा खेळ. रात्र त्याने जात नाही. माझी गेली ती मोडीने.

मुक्कामाच्या गावी देवळाच्या ओवरीत एक आजोबा बसायचे. त्यांच्या वेळी शाळेत मोडी शिकवत. एका शेतकऱ्याने ट्रंकेतला जुना कागद त्यांच्याकडून वाचून घेतला, तेव्हा मी शेजारी होतो. मला त्यात नुसत्या मुंग्या दिसल्या. ते मात्र बोट फिरवत पेपर वाचावा तसं वाचत गेले. मला काय वाटलं कोण जाणे, शिकवाल का म्हणून विचारलं. त्यांनी आधी अक्षर काढूच दिलं नाही. पानभर आडव्या रेघा मारायला लावल्या. मोडीत रेघ आधी, अक्षरं मागून तिला लटकतात. शब्दाशब्दात जागा सोडत नाहीत, आणि हात शक्यतो उचलायचा नाही.

पुस्तकं सांगत नाहीत ते सांगतो : पहिले पंधरा दिवस नुसत्या कंटाळ्याहून कंटाळवाणे गेले. तीच रेघ, तेच 'क'चं वेटोळं, आणि ओवरीतले डास. दोनदा मी पुन्हा पत्त्यांकडे वळलो. कंटाळा गेला की शिकायला बसू म्हणशील तर कधीच बसणार नाहीस. तो शिकता शिकता जातो, तोही सांगून जात नाही. एका रात्री मला 'बैल' हा शब्द लागला. नुसता बैल. मग दोन ओळी सोडून 'चाळीस रुपये'. तीन महिन्यांनी तो अख्खा कागद लागला. कुणीतरी बैल गहाण टाकून चाळीस रुपये उचलले होते. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती कंटाळ्याने नव्हे.

पुढे पेशवाईतले कागद वाचायला लागलो तर साल अरबी शब्दांत. सलास म्हणजे तीन, खमस म्हणजे पाच. तेही पाठ केलं. 2023 साली कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि मोडी वाचणारे मिळेनात, तेव्हा निवृत्त कंडक्टरला बोलावणं आलं. पण हे तुला आमिष म्हणून सांगत नाही. मी पंचवीस वर्षं मोडी वाचत होतो ती कुणी विचारील म्हणून नव्हे. आणि तू मोडीच शीक असंही नाही. तबला शीक, कन्नड शीक, गावातल्या सुताराकडून रंधा मारायला शीक. सोपं मात्र काही धरू नकोस. हाताला अडेल, चार दिवस येणार नाही, असं काहीतरी धर. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं वाचून मात्र आपल्या आगारात कुणाचं व्यक्तिमत्त्व विकसित झालेलं मी पाहिलं नाही.

एक गोष्ट कडक : झोप मोडून काही करायचं नाही. दहाला दिवा बंद. पहाटे गाडीत तुझ्या भरवशावर माणसं बसतात, आणि चुकलेल्या तिकिटांचे पैसे खिशातून भरावे लागतात.

मामीने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी दिली आहे. पुड्याखाली माझी वही आहे. पहिल्या पानावर रेघा मारून ठेवल्यात, वर मुळाक्षरं आहेत. दुसरं काही धरलंस तर वही परत पाठव, धरलं नाहीस तर पुढच्या महिन्यात दोन ओळी मोडीत लिहून पाठव. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणार नाही. मोडीत तो भेद पाळतच नाहीत.

तुझा,
मामा