‘आमच्याकडे तर नीट चालतोय, ताई’

रोज बंद पडणारं यंत्र दुरुस्त करून घेणं सोपं असतं. अधूनमधून बिघडणारं घेऊन गेलात की दुकानदार यंत्रावर नाही, तुमच्यावर संशय घेतो. मुरूडहून एसटीत लॅपटॉप मांडीवर धरून बसायचं, काशीद, साळावचा पूल, रेवदंडा, चौल करत अलिबाग गाठायचं, आणि काउंटरवरच्या मुलाने बटण दाबून अर्ध्या मिनिटात स्क्रीन दाखवत म्हणायचं, ‘आमच्याकडे तर नीट चालतोय, ताई.’ मागे रांगेतली माणसं हसतात. आपण बॅग उचलून परत.

माझं सेवा केंद्र आहे. निकाल लागले की उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेयरचा दाखला मागायला सकाळी नऊपासून दारात गर्दी असते. प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी लॅपटॉप कधी मिनिटात उघडायचा, तर कधी पंधरा मिनिटं नुसतं चक्र फिरत राहायचं. एकदा सुरू झाला की दिवसभर काही तक्रार नाही. बंद करून लगेच लावला तरी झटकन सुरू. दुकानात मी हेच सांगत होते: सकाळीच होतं, आणि पाऊस लागून राहिला की जास्त होतं. त्यावर मालक म्हणाले, ‘लॅपटॉपला काय संधिवात झालाय का?’

हे वाक्य मी विसरणार नाही. कारण दुखणं नेमकं तिथेच होतं.

त्यांनी आधी विंडोज मारली. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचा डोंगल, प्रिंटर, सगळं पुन्हा बसवण्यात माझी संध्याकाळ गेली. पैसे त्यांनी घेतले. चार कोरडे दिवस बरे गेले, मग पाऊस आला आणि पुन्हा तेच. मग म्हणाले हार्ड डिस्क गेली, एसएसडी टाका. टाकली. एसएसडीने दिवसभराचं काम खरंच वेगवान झालं, ते मी नाकारत नाही. पण ओल्या सकाळी चक्र फिरायचं थांबलं नाही. डिस्क नवी कोरी असून तेच होत असेल तर दोष डिस्कमध्ये नव्हता, एवढं तरी कबूल करायला हवं होतं. त्याऐवजी तिसऱ्या खेपेला मला सांगितलं, ‘बोर्ड गेलाय. नवीन घ्या.’ आणि लगेच किमतीचा कागद पुढे केला.

आमच्या आळीत एक काका आहेत, आयुष्यभर जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘कधी होतं?’ एवढ्या दिवसांत कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग पाठीमागचे स्क्रू काढले, बॅटरी सोडवली आणि डिस्कपासून बोर्डाकडे जाणारी चपटी केबल हलकेच उपसली. तिच्या टोकाच्या बारीक पट्ट्यांपैकी दोन-तीन पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी खर धरली होती. टूथपिकने खरवडल्यावर तिची पूड कागदावर पडली. ते म्हणाले, ‘हे तांबं खातंय. जहाजावर आमचं अर्धं काम हेच असायचं.’

कारण ऐकलं तेव्हा मला रडू आलं, रागाने. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते सगळीकडे बसतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की साधं मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून स्वतः पाझरतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्रभर हवा त्याहून दमट असते. मग त्या पट्ट्यांवर ओलसर थर येतो, डिस्क आणि बोर्ड यांच्यातला संदेश चुकतो, विंडोज तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागत बसते. मशीन तापली की ओल सुकते आणि सगळं सुरळीत. आणि दुकान एसीचं. तिथे पोचेपर्यंत लॅपटॉप बॅगेत कोरडा, वर गिऱ्हाइकासमोर तो दोनदा सुरू करून आधीच गरम केलेला. तिथे तो नीट चालणारच!

काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोकं पुसली. पुढे काही शे रुपयांची नवी केबल मागवून बसवली. केबलवरच बारीक अक्षरांत पार्ट नंबर छापलेला असतो, त्यावरून मिळते. नुसत्या मॉडेलवरून मागवली तर दुसरीच येते.

आता ज्यांचा लॅपटॉप असाच लहरी आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी घरी हे करावं.

वेळ कुठे जातो ते बघा. कंपनीचं नाव येण्याआधीच अडकतोय, नावाखाली चक्र फिरतंय, की पासवर्ड टाकल्यावर रखडतोय, ही तीन वेगळी दुखणी आहेत. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ सेकंदांत दिसतो. तो मोठा असेल तर विंडोज मारून काडीचा उपयोग नाही. तेव्हा आधी प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क काढून बघा. पासवर्डनंतर रखडत असेल तर त्याच टॅबमधले नको ते प्रोग्रॅम बंद करा.

‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ एकच नाहीत. 2012 साली विंडोज 8 आली तेव्हापासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पुसला जात नाही, डिस्कवर साठवून ठेवला जातो; रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून दुकानदार रीस्टार्ट करून दाखवतो तेव्हा तुमची तक्रार तपासलीच जात नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढा आणि आठवडाभर फरक पडतो का बघा.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्सच्या नोंदीत 100 क्रमांकाची नोंद शोधा. सुरू व्हायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत लिहिलेलं असतं. 60,000 म्हणजे एक मिनिट. सिस्टिमच्या नोंदींत डिस्कशी संबंधित 129 किंवा 153 वारंवार दिसत असतील तर डिस्कशी बोलणं तुटतंय. त्याचा फोटो काढून ठेवा. ‘ताईंना वाटतं’ हे म्हणणं तिथे संपतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात केबलने जोडलेल्या डिस्कच्या 05 आणि सी5 या ओळींतले आकडे वाढत असतील तर डिस्क खरंच जातेय, आजच्या आज कॉपी काढा. सी7 ही ओळ वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा जोडाचा असतो. माझ्या नव्या कोऱ्या एसएसडीवर तो आकडा वाढलेला होता, आणि दुकानात कोणी बघितला नाही. तिथले आकडे षोडशमान पद्धतीत येतात, त्यात अक्षरं दिसली तर गोंधळू नका. सी7 एकदा वाढला की कमी होत नाही; दुरुस्तीनंतर तो तिथेच थांबला का, एवढंच बघायचं.

दुकानात द्यायचाच असेल तर रात्रभर बंद ठेवून सकाळी तुमच्यासमोर पहिल्यांदा सुरू करायला लावा. काढलेला भाग परत मागा, माझी जुनी हार्ड डिस्क अजून त्यांच्याकडेच आहे आणि तिच्यात लोकांच्या कागदपत्रांच्या प्रती आहेत. फोन केला की ‘बघतो’ म्हणतात. पावतीवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. डेटाची कॉपी ठेवा, अपडेट करत राहा, हे सगळे सांगतात, मीही सांगते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी लॅपटॉप रात्री समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा, आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात.

एवढं करूनही दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही, आणि पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याकरता घेतलेली वस्तू किंवा सेवा असेल तरी आपण ग्राहकच ठरतो. मुदत दोन वर्षांची आहे. माझ्याकडे तिन्ही पावत्या आहेत, केबलचा फोटो आहे, आणि ‘बोर्ड गेलाय’ असं त्यांच्या हाताने लिहिलेला तो किमतीचा कागदही आहे. बोर्ड तोच आहे, त्याच लॅपटॉपवर मी हे टाइप करते आहे. जुनी डिस्क परत आली नाही तर तक्रारही त्यावरच टाइप होईल.