वीस रुपयांत गल्लीच्या रस्त्याचा हिशेब

सुरतमधल्या डिंडोलीतल्या नव्या रस्त्यावर किती पैसा गेला आणि तो कुणाच्या सहीने गेला, हे विचारायला 20 रुपये लागतात. माहिती अधिकाराच्या अर्जाची गुजरातमधली ही फी आहे. धुळे-जळगावकडचे नातेवाईक 10 रुपये सांगतील. तो महाराष्ट्राचा दर. 2005चा माहिती अधिकार कायदा आहे आणि तो वापरायलाच हवा.

अर्ज सुरत महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, गुजरातीत किंवा हिंदीत करा, मराठीत नको. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घ्यायला मदत करणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. माहिती कशाला हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. पैसे रोख भरलेत तर पावती आणि अर्जाची पोच दोन्ही मागून घ्या.

खर्च वाढतो तो मोघम मागणीमुळे. ‘डिंडोलीतल्या सगळ्या कामांची माहिती’ मागितलीत तर कागदांचा ढीग येईल आणि दर पानाला 2 रुपये जातील. एकच रस्ता धरा. त्याचे टेंडर, वर्कऑर्डर, मेजरमेंट बुक, अंतिम बिल आणि लेखापरीक्षणात काही आक्षेप निघाला असेल तर तो मागा. त्यातही मेजरमेंट बुक सोडू नका. किती लांबी, किती जाडी मोजून पैसे दिले ते त्यात असते. टेप घेऊन रस्त्यावर उभे राहिलात की लांबी-रुंदी स्वतः पडताळता येते. जाडीची शंका असेल तर कायद्याने साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो.

माझा आग्रह असा, की आधी फाइल पाहायला मागा. पहिला अर्धा तास फुकट, पुढे दर अर्ध्या तासाला 20 रुपये. दीड तास बसून नेमकी तीस पाने निवडलीत तर अर्जाचे 20, पाहणीचे 40 आणि प्रतींचे 60, एकूण 120 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी माफ आहे. पुराव्याची प्रत जोडा.

उत्तराची मुदत 30 दिवस. ती चुकली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते उगाच पैसे भरतात. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील करा. तिथेही काम झाले नाही तर 90 दिवसांत गांधीनगरला गुजरात माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. सबळ कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो. तो त्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.