कोवळ्या वयातील बाप

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत जुनी आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की सासरी परतते. तिला विसावा मिळतो, ही या रीतीची चांगली बाजू. पण न्हाऊघालणे, लंगोट बदलणे, रडण्यावरून भूक की पोटदुखी ते ओळखणे, हे सारे याच महिन्यांत शिकायचे असते. आई शिकते. बाप बारशाला येतो, वाळे घालतो आणि परत जातो. तिशीतला बाप ही उणीव पुढे भरून काढू शकतो. पण पत्नी सतरा वर्षांची आणि पती वीस वर्षांचा असेल तर?

अशी जोडपी विरळा नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी कर्नाटकात २१.३ टक्के व महाराष्ट्रात २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले. कायद्याने असा विवाह गुन्हा आहे, आणि तो टाळणे हाच खरा उपाय. पण जन्मलेल्या बाळाला थांबता येत नाही.

अशा घरात मुलगा नावाचाच बाप असतो. त्याच्या हाती पैसा नसतो. औषध आणायचे तरी वडिलांपुढे हात पसरावा लागतो आणि बाळाला चारचौघांत उचलून घेतले तर मित्र थट्टा करतात. खुद्द २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदाही, पती अज्ञान असल्यास, पत्नीच्या पोटगीची जबाबदारी त्याच्या आईबापांवर वा पालकावर टाकतो. ते न्याय्यच आहे, कारण लग्न त्यांनीच लावलेले असते.

ऊसतोडीच्या फडात चित्र वेगळे दिसते. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात येणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. लवकर लग्ने लावण्याचे तेही एक कारण. तेथे बाप बाळापासून दूर नसतो, बाळ फडाच्या कडेलाच झोपलेले असते. पण त्याच्यासाठी कोणी एक थांबला तर खाडा पडतो. म्हणजे बापाच्या अनास्थेला दोष देण्यापूर्वी त्याच्या मजुरीचा हिशेब पाहिला पाहिजे.

पुरुषाला हे उपजत जमत नाही, असे आपल्याकडे म्हटले जाते. मला ते पटत नाही. फिलिपाईन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांची २००५ व २००९ साली तपासणी झाली. मधल्या काळात जे बाप झाले त्यांच्यातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक इतरांपेक्षा अधिक उतरलेले आढळले; रोज तीन तास वा अधिक बाळाचे करणाऱ्यांत ते बाळाला हात न लावणाऱ्या बापांपेक्षा कमी होते. बाळाच्या सहवासाची दखल पुरुषाचे शरीरही घेते, असे यावरून दिसते.

अल्पवयीन मातेचे बाळ कमी वजनाचे असण्याचा धोका अधिक. अशा बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देतात. आई थकली असता बापाची छातीही तितकीच उपयोगी पडते. माहेरची मंडळी संकोचतील, पण दवाखान्यातील परिचारिकेने सांगितले तर ऐकतात.

शिवाय सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या लसी ठरलेल्या असतात. तारखा आधीच ठाऊक असल्याने जावयाला त्या दिवशी सासुरवाडीला बोलावता येते. बाळाला मांडीवर त्यानेच धरावे, आणि रात्री मुक्कामाला राहावे, कारण लसीचा ताप बहुधा रात्रीच चढतो.