दिव्याखालचा रंग आणि दिवसाचा रंग

लग्नसराईच्या दिवसांत कोणत्याही मोठ्या गावच्या कापडपेठेत गेल्यास एक दृश्य हटकून दृष्टीस पडते. दुकानात बसून, दहा लुगडी उलगडून पाहिल्यावर पसंत केलेले एक लुगडे हाती घेऊन एखादी वयस्क गृहिणी उठते आणि थेट दुकानाच्या पायरीवर येते. तेथे दिवसाच्या उजेडात त्याचा पदर व काठ ती निरखून पाहते आणि मगच भावाची बोलणी सुरू होतात. दुकानदारासही यात काही वावगे वाटत नाही, कारण आतील दिव्यांच्या झगमगाटात दिसणारा रंग आणि बाहेर दिसणारा रंग एक नव्हे, हे त्यालाही पक्के ठाऊक असते.

त्या गृहिणीने भौतिकशास्त्राचा अभ्यास केलेला नसतो. तरीही प्रकाशविज्ञानातील एक मूलभूत सत्य तिने अनुभवाने हस्तगत केलेले असते. हे सत्य केवळ कापडखरेदीपुरते मर्यादित नाही. विद्यार्थ्याचा अभ्यास, शिंप्याचे काम, यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराची सुरक्षितता, इतकेच नव्हे तर नवजात अर्भकाच्या आजाराचे वेळीच होणारे निदान या सर्वांशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणूनच त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे उचित ठरेल.

रंग कोठे असतो?

जास्वंदीचे फूल तांबडे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो तांबडेपणा फुलातच साठविलेला आहे अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. न्यूटन या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६६ च्या सुमारास लोलकातून सूर्यकिरण नेऊन असे दाखवून दिले की, पांढरा दिसणारा प्रकाश तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या अनेक रंगांच्या किरणांचा बनलेला असतो. जास्वंदीची पाकळी यांपैकी बरेचसे किरण शोषून घेते व मुख्यत्वे तांबडे किरण परत पाठविते. ते आपल्या डोळ्यांत शिरतात म्हणून फूल तांबडे दिसते. साहजिकच, दिव्याच्या प्रकाशात मुळी तांबडे किरणच नसतील तर पाकळीने परत पाठवावे तरी काय? अशा दिव्याखाली तेच फूल काळपट दिसू लागते.

याचा अर्थ असा की रंगाच्या अनुभवास तीन घटक कारणीभूत असतात. पहिला घटक प्रकाश, दुसरा वस्तूचा पृष्ठभाग आणि तिसरा पाहणाऱ्याची दृष्टी. यांपैकी एक जरी बदलला तरी रंग बदलतो.

डोळ्यांतील दुहेरी व्यवस्था

मानवी डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाशग्रहण करणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशींची संख्या सुमारे १२ कोटी, तर शंकूपेशींची सुमारे ६० ते ७० लाख असते. दंडपेशी अत्यल्प उजेडातही काम करतात, परंतु त्यांना रंगाचे ज्ञान नसते. शंकूपेशींना पुरेसा उजेड लागतो. त्यांचे तीन प्रकार असून, ते अनुक्रमे आखूड, मध्यम व लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतात. या तिघांकडून आलेल्या संदेशांची तुलना करूनच मेंदू रंग ठरवितो. चांदण्यात बागेत हिंडताना झाडे, फुले, वाटा सारे दिसते, पण रंग मात्र हरपलेले असतात, याचे कारण हेच.

दिवस मावळताना या दोन व्यवस्थांची अदलाबदल होते. त्या वेळी अंगणातील जास्वंदीकडे लक्ष देऊन पाहावे. दुपारी पानांपेक्षा उठून दिसणारे तांबडे फूल हळूहळू काळवंडते आणि हिरवी पाने त्या मानाने उजळ भासू लागतात. बोहेमियातील शास्त्रज्ञ यान पुरकिंजे याने १८२५ साली या चमत्काराचे वर्णन प्रसिद्ध केले. भर उजेडात आपली दृष्टी ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असते, तर अंधूक उजेडात ही जागा ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळ्याच्या बाजूस सरकते. म्हणून कातरवेळी तांबडी वस्त्रे नेसून रस्त्याने चालणारी व्यक्ती वाहनचालकास सहजी दिसत नाही, हे ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

उजेडातून एकाएकी अंधारात गेल्यावर डोळ्यांना सरावण्यास वेळ लागतो. शंकूपेशी सुमारे १० मिनिटांत स्थिरावतात, परंतु दंडपेशींना पूर्ण क्षमता प्राप्त होण्यास अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक अवधी लागतो.

दिव्यादिव्यांतील फरक

समई, कंदील आणि तारेचा जुना पिवळा बल्ब यांचा प्रकाश तापलेल्या पदार्थापासून निघतो. त्यात तांबडे व पिवळे किरण विपुल, तर निळे किरण तोकडे असतात. त्यामुळे अशा उजेडात केशरी व तांबडे रंग खुलतात, पण गडद निळा आणि काळा यांतील भेद ओळखणे कठीण जाते. प्रकाशाची ही छटा ‘रंग-तापमान’ या मापाने सांगतात. पिवळ्या बल्बचे रंग-तापमान सुमारे २७०० केल्विन, तर दुपारच्या सूर्यप्रकाशाचे सुमारे ५५०० केल्विन असते. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर, असा हा हिशेब आहे.

ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण नळीच्या आतील लेपावर पडून दृश्य प्रकाश निर्माण होतो. एलईडी दिव्यात बहुधा निळा प्रकाश देणारा सूक्ष्म अर्धवाहक असतो व त्यावरील पिवळ्या लेपामुळे पांढरा उजेड मिळतो. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपल्या देशात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या आणि पुढे ‘उजाला’ या नावाने परिचित झालेल्या योजनेखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले. विजेची मोठी बचत झाली, हे तर खरेच. परंतु दिवा निवडताना वीज किती वाचते याबरोबरच तो रंग कितपत खरे दाखवितो, हाही विचार करावयास हवा.

त्यासाठी ‘रंगदर्शन निर्देशांक’ हे माप उपयोगी पडते. त्याची कमाल मर्यादा १०० असते. तारेचा बल्ब १०० च्या जवळ असतो, तर घरगुती एलईडी दिवे सामान्यतः ८० च्या आसपास असतात. रस्त्यांवर दीर्घकाळ वापरले गेलेले उच्च दाबाचे सोडियम दिवे जेमतेम २० ते २५ पर्यंत पोहोचतात. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश तर जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा, ५८९ नॅनोमीटरचा असतो. त्याखाली तांबडी मोटार कोणती व निळी कोणती, हे प्रामाणिक साक्षीदारालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मेंदूची सावरासावर

असे असूनही आपल्याला रंग सतत बदलताना का जाणवत नाहीत? वहीचा कागद उन्हातही पांढरा वाटतो आणि पिवळ्या बल्बखालीही पांढराच वाटतो. याचे कारण आपला मेंदू सभोवतालच्या प्रकाशाची छटा हिशेबात धरून ती वजा करीत असतो. तथापि ही सावरासावर अपुरी पडते ती दोन प्रसंगी. एक, दिव्यात काही किरणच नसतात तेव्हा. आणि दोन, प्रकाश कोठून येतो आहे हे समजत नाही तेव्हा. भाजीबाजारात टोमॅटोच्या ढिगावर तांबडी ताडपत्री ताणलेली असते. तीमधून गाळून आलेल्या उजेडात कच्चा मालही रसरशीत भासतो आणि पिशवी घरी उघडल्यावर निराशा पदरी येते.

साडी व ब्लाऊजचे कापड यांची जोड जमविणाऱ्यांना आणखी एक अडचण परिचित आहे. दुकानात हुबेहूब जुळलेले दोन रंग बाहेर येताच वेगळे दिसू लागतात. दोन्ही कापडांस वेगवेगळी रंगद्रव्ये वापरलेली असतात. एका विशिष्ट दिव्याखाली त्यांच्यापासून डोळ्यांस पोहोचणारा परिणाम योगायोगाने सारखा असतो, दिवा बदलला की तो योगायोग संपतो. म्हणून रंगाची जोड कमीत कमी दोन प्रकारच्या उजेडांत पडताळून घ्यावी.

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या जुन्या इमारतींची करवतीच्या दात्यांसारखी छपरे अनेकांनी पाहिली असतील. या दात्यांच्या उभ्या बाजूस काचा बसवून त्या उत्तरेकडे तोंड करून ठेवीत. उत्तरेच्या आकाशाचा उजेड थेट उन्हासारखा प्रखर नसतो, दिवसभरात त्यात फारसा चढउतार होत नाही आणि कडक सावल्याही पडत नाहीत. सूत व विणकर यांना तो मानवतो. वीज दुर्मीळ असतानाच्या काळातील हे नियोजन आजही अनुकरणीय आहे.

उजेड किती असावा?

प्रकाशाचे प्रमाण ‘लक्स’ या एककात मोजतात. भर उन्हात ते सुमारे १ लाख लक्स असते, तर पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सचा एखादा अंश असते. वर्गखोलीत साधारणतः ३०० लक्सच्या आसपास, तर बारीक शिवणकाम, भरतकाम किंवा मालाची सूक्ष्म तपासणी यांसाठी ७५० ते १००० लक्स उजेड असावा असे मानतात. काम जितके बारीक आणि वस्तू व पार्श्वभूमी यांतील भेद जितका कमी, तितका उजेड अधिक हवा. पांढऱ्या कापडावर काळा टाका घालणे सोपे, पण काळ्या कापडावर काळा टाका घालताना निष्णात शिंपीही खिडकीकडे सरकतो.

वयाचाही येथे विचार करावा लागतो. वाढत्या वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळसर होते आणि बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही. साठीच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. नातवाला पुरेसा वाटणारा उजेड आजोबांना वर्तमानपत्र वाचण्यास अपुरा का पडतो, याचे उत्तर यात आहे. घरातील वडीलधाऱ्यांची ही तक्रार हट्ट समजून दुर्लक्षू नये.

सुदैवाने याचा उपाय खर्चाचा नाही. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की त्याच्याकडून मिळणारा उजेड चौपट होतो. छतावर मोठा दिवा लावण्यापेक्षा लहान दिवा कामाजवळ आणणे अधिक फायद्याचे असते. मात्र तो उघडा असून डोळ्यांवर येत असेल तर डोळे दिपतात व दिसण्याऐवजी दिसेनासे होते. म्हणून त्यावर टोपण असावे.

कारखान्यातील धोका

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १७ अन्वये कामाच्या प्रत्येक जागी पुरेसा व योग्य प्रकाश ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. डोळे दिपणार नाहीत आणि डोळ्यांवर ताण येईल किंवा अपघात संभवेल अशा सावल्या पडणार नाहीत, याचाही त्यात समावेश होता. त्यामागील विचाराचे मोल कमी झालेले नाही. एक उदाहरण पाहू. आपल्याकडील वीजपुरवठ्यामुळे साधी चोक असलेली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते व मंदावते. फिरणाऱ्या चाकाची गती या लयीशी जुळली की ते चाक स्थिर असल्याचा भास होतो आणि कामगाराचा हात पुढे जाण्याचा संभव असतो. शेजारशेजारच्या दिव्यांना निरनिराळ्या फेजवरून वीज देणे किंवा न लुकलुकणारे दिवे बसविणे हा त्यावरील उपाय होय.

पाळण्याजवळचा उजेड

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के अर्भकांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते. बहुतेकांची ती आपोआप ओसरते. परंतु काहींच्या रक्तातील पित्तरंजकाचे प्रमाण धोक्याच्या मर्यादेपलीकडे जाते आणि वेळीच उपचार न झाल्यास मेंदूस कायमची इजा होऊन बहिरेपण किंवा अपंगत्व येऊ शकते. या आजाराची पहिली खूण म्हणजे त्वचेचा व डोळ्यांच्या पांढऱ्या भागाचा पिवळेपणा. आपल्याकडे बाळंतिणीची खोली पडदे लावून अंधारी ठेवण्याची आणि तेथे मंद पिवळा दिवा लावण्याची रीत अनेक घरांत आहे. त्या उजेडात सारेच पिवळे दिसते. जी खूण पाहावयाची तीच झाकली जाते.

यास्तव बाळाला दिवसातून एकदा तरी खिडकीजवळ, स्वच्छ नैसर्गिक उजेडात पाहावे. कपाळावर वा छातीवर बोट हलके दाबून उचलावे व त्या जागेची छटा पाहावी. सावळ्या बाळाच्या बाबतीत डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या अवश्य तपासाव्यात. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत पिवळेपणा आढळल्यास, तो हातापायांपर्यंत पसरल्यास किंवा बाळ दूध पिईनासे झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. नजरेचा अंदाज अखेर अंदाजच असतो, खरे प्रमाण रक्ततपासणीनेच कळते.

या आजाराचा उपचारही प्रकाशानेच होतो, हा एक विलक्षण योग आहे. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अर्भकांना उन्हात नेत असत. उघड्या अंगाचा पिवळेपणा कमी झाला आणि झाकलेला भाग मात्र पिवळाच राहिला, असे त्यांना एका बाळाच्या बाबतीत आढळले. त्या निरीक्षणातूनच पुढे रुग्णालयातील निळ्या प्रकाशाची उपचारपद्धती विकसित झाली. हा उपचार वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावयाचा असतो. घरी बाळाला उन्हात ठेवणे हा त्याला पर्याय नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

थोडक्यात सांगायचे तर, दिवा घेताना वेष्टनावरील वॉटबरोबर ल्युमेन व केल्विन हे आकडेही वाचावेत. रंग पारखताना दिवसाच्या उजेडाचा आधार घ्यावा. अभ्यासाचा व शिवणाचा दिवा कामाजवळ आणावा, पण डोळ्यांवर येऊ देऊ नये. काचा, तावदाने व दिव्यांवरील धूळ नियमाने पुसावी, कारण विकत घेतलेला बराचसा उजेड ती धूळच गिळून टाकते. आणि घरात तान्हे मूल असेल, तर त्याच्या खोलीचा पडदा सकाळी थोडा वेळ बाजूला सारावा.