कारागीर ते कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या जीवनातून काय शिकावे?

आपल्या खंडाळा तालुक्यातील लोणंद स्टेशनवरून मिरजेकडे जाणारी रेल्वे सातारा, कराड मागे टाकून सांगली जिल्ह्यात शिरली की किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागते. पूर्वी या स्टेशनाचे नाव कुंडल रोड असे होते. एका कारखान्यामुळे स्टेशनाचे नाव बदलावे, ही साधी गोष्ट नव्हे. हा कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आपल्यापैकी अनेकांना थोडेफार माहीत असेल. ‘जिद्द असली की माणूस मोठा होतो’ एवढाच बोध त्यातून बहुधा काढला जातो. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. जिद्द आणि हातातली कला आपल्या वाडवडिलांकडेही होती. मग त्यांचे कारखाने का झाले नाहीत? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

चित्रकार होता होता

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत मन रमत नव्हते. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे यांची मात्र आवड होती. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठिंब्याने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळून आले. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलावर याहून मोठा आघात कोणता? परंतु त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची आरेखने काढण्याचे शिक्षण त्यांनी पुरे केले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा 45 रुपये पगारावर साहाय्यक शिक्षक म्हणून ते नोकरीस लागले.

नोकरी करीत असतानाच रामुअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी त्या विकाव्यात, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावे, असा व्यवहार होता. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास आले. सायकल दुरुस्तीच्या जोडीला कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

‘लोखंडाने जमीन विषारी होते’

हे नांगर चांगले होते. पण घेणार कोण? लोखंड जमिनीत गेले तर जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. माल तयार आहे, तो उत्तम आहे, तरी तो पडून आहे. मजुरी द्यावी लागते, लोखंडाचे पैसे अडकून पडतात. बँकेच्या भाषेत यालाच खेळते भांडवल अडकणे म्हणतात. असा काळ आला की बहुतेक लहान कारागीर कायमचे बसतात. लक्ष्मणराव बसले नाहीत, कारण पाठीशी भाऊ होता, दुकान होते आणि ‘आज ना उद्या देईल’ असे म्हणणारी माणसे होती.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. सारा संसार रस्त्यावर येण्याची ही वेळ. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. जमीन उजाड होती. निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट. 1910 साली पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे राहावयास गेले. हीच किर्लोस्करवाडी.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्या तोफांचे नांगर झाले. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. 1926 साली पाणी उपसण्याचे सेंट्रिफ्यूगल पंप निघाले. 1946 साली पुण्यास तेलइंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

माणसे घडवणारी वाडी

किर्लोस्करवाडीचा मोठेपणा केवळ यंत्रांत नाही. शंभुअण्णा जांभेकर, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर हे वाडीचे आधारस्तंभ. यांतील कोणी कॉलेजातून काढून टाकलेला, कोणी परीक्षेत नापास झालेला, तर कोणी शाळा अर्धवट सोडलेला. जगाने ज्यांच्यावर काट मारली, त्यांच्यातून वाडीने इंजिनिअर व व्यवस्थापक घडवले. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक होता. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवली गेली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे पार पाडली. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती आणि तिचे श्रेय लक्ष्मणरावांना दिलेच पाहिजे.

परंतु वाडीच्या इतिहासात त्या दोघांची नावे कशी नोंदली आहेत ते पाहावे : तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. बाकीच्यांना आडनाव आहे. या दोघांना जात आहे. बाकीच्यांना यंत्र मिळाले. या दोघांना फाटक मिळाले. हा एका व्यक्तीवरील आक्षेप नव्हे. उदार मनाच्या माणसाच्या वाडीतही ज्या काळाची सावली पडलेली दिसते, त्या काळाविषयीचे हे निरीक्षण आहे.

मोट कोणी शिवली?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. किर्लोस्करांचा पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी चामड्याच्या मोटेने उपसले जाई. ती मोट शिवणारा चांभार किंवा ढोर, ती ओढण्यासाठी वाखाचा सोल वळणारा मांग, हे कारागीरच होते. पाण्याचा भार पेलणारी, टाका न उसवणारी मोट शिवणे हे सोपे काम नव्हे. माप, ताण आणि मालाची पारख यांचे ज्ञान असल्याशिवाय ते जमत नाही. म्हणजे पाणी उपसण्याचे तंत्र शेकडो वर्षे आपल्या लोकांच्या हातात होते. तरीही मोटेचा कारखाना झाला नाही आणि पंप आला तेव्हा मोट शिवणारा हात रिकामा झाला.

याचे कारण बलुत्याच्या पद्धतीत आहे. बलुतेदाराला कामाचे मोल पैशात मिळत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे. धान्य पोटात जाते, गाठीला राहत नाही. गाठीला काही राहिले नाही म्हणजे भांडवल नाही. गाव सोडून दुसरीकडे माल विकण्याची सोय नाही म्हणजे बाजार नाही. गावठाणाबाहेरच्या वस्तीत जागा अपुरी आणि तीही हक्काची नाही म्हणजे तारण नाही. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की, जातीने कामांची वाटणी करताना काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडले. कोणी कोणते काम करावे हे जन्मावरून ठरले, तर त्या कामात सुधारणा करून पुढे जाण्याची वाटच बंद होते.

बाजार ही गोष्ट किती कठीण असते, याचे उदाहरण कोल्हापुरातच आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीस होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. गंगारामांनी कोल्हापुरात भर वस्तीत चहाचे हॉटेल काढले. पण त्यांच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. लोखंडी नांगराविषयी अंधश्रद्धा होती, तशीच गंगारामांच्या चहाविषयीही होती. परंतु नांगराच्या बाबतीत लोक वस्तूला भीत होते. एका शेतकऱ्याच्या रानात पीक चांगले आले की शेजाऱ्याची भीती जाते. गंगारामांच्या बाबतीत लोकांना वस्तूत दोष दिसत नव्हता, हात नको होता. चहा कितीही फक्कड केला तरी हा दोष निघणार नव्हता. तेथे छत्रपतींनाच गिऱ्हाईक व्हावे लागले.

त्याच जिल्ह्यातील दुसरे चरित्र

सांगली जिल्ह्यातच तासगाव तालुक्यात पेड नावाचे गाव आहे. तेथील अशोक खाडे यांचे चरित्र आपल्या मुलांनी किर्लोस्करांच्या चरित्राबरोबर वाचावे. वडील मुंबईत झाडाखाली बसून चपला-बूट दुरुस्त करीत, आई गावी शेतमजुरी करी. थोरले बंधू दत्ता माझगाव गोदीत वेल्डिंगच्या कामाला लागले. अशोक यांनाही तेथेच उमेदवारी मिळाली आणि जहाजांची आरेखने काढण्याचे शिक्षण त्यांनी घेतले. गोदीच्या कामानिमित्त त्यांना जर्मनीस पाठवण्यात आले. आपल्या कामाचे मोल काय आहे, हे त्यांना तेथे उमगले. पुढे तिन्ही भावांनी मिळून 1990 च्या दशकात दास ऑफशोअर ही कंपनी काढली. समुद्रातील तेलविहिरींसाठी लागणाऱ्या पोलादी बांधणीची कामे ती घेऊ लागली. दत्ता, अशोक, सुरेश या तीन नावांच्या पहिल्या अक्षरांतून हे नाव बनले. त्यात आडनाव नाही. आई ज्या रानात मजुरीला जाई तेथील जमीन या मुलांनी पुढे विकत घेतली.

लक्ष्मणराव आणि अशोक यांच्यात तीन गोष्टी सारख्या आहेत. दोघेही नकाशा काढायला शिकले. दोघांनीही आधी पगारावर काम करून यंत्राची व हिशेबाची ओळख करून घेतली. दोघांच्याही मागे भाऊ उभे राहिले. फरक एकच. लक्ष्मणरावांना वयाच्या सुमारे चाळिसाव्या वर्षी एक संस्थानिक भेटला. अशोक यांच्या वडिलांना, हातात कला असूनही, तसा कोणी भेटला नाही. या कुटुंबाला एक पिढी अधिक थांबावे लागले. सरकारी गोदीतील उमेदवारीने त्यांच्यासाठी दार उघडले.

आपण काय करावे?

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला अर्जदार दोन प्रकारचे दिसतात. एकाजवळ कागद पक्के असतात, काम येत नसते. दुसऱ्याला काम उत्तम येते. पण कोटेशन नसते, हिशेबाची वही नसते, जामीनदार नसतो. आपली मुले बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात. यासाठी महाराष्ट्रात 1978 साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. 2016 साली स्टँड-अप इंडिया योजना आली, तीत अनुसूचित जाती-जमातींच्या व महिला उद्योजकांना दहा लाख ते एक कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद होती. योजना येतात आणि मुदत संपली की जातात. ज्याची वही तयार असते, त्यालाच त्यांचा लाभ मिळतो.

म्हणून काही गोष्टी येथे सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आय.टी.आय.मध्ये जाणाऱ्या मुलाने वेल्डिंग वा फिटरच्या कामाबरोबर आरेखन वाचायला व काढायला अवश्य शिकावे. हाताने काम करणारा मजूर राहतो; नकाशा वाचणारा ठेका घेतो. दुसरी, शिरवळ परिसरातील कारखान्यांत कामाला जाणाऱ्याने केवळ पगार आणू नये. माल कोठून येतो, कोणाकडे जातो, नग किती रुपयांना पडतो हे पाहून ठेवावे. तिसरी, पहिल्या दिवसापासून वही ठेवावी आणि घरातील शिकलेल्या मुलीला, सुनेला त्या हिशेबात बरोबरीने घ्यावे. सावित्रीबाईंचे नायगाव आपल्याच तालुक्यात आहे, ही गोष्ट केवळ भाषणापुरती ठेवू नये.

चौथी गोष्ट आपल्यासारख्या संस्थांसाठी आहे. आता संस्थानिक उरले नाहीत. पंतप्रतिनिधींनी जागा दिली, शाहू महाराजांनी तोफा दिल्या आणि चहाही प्यायले. ही कामे आता समाजानेच करावयाची आहेत. नोकरीत स्थिरावलेल्यांनी एका होतकरू मुलाला जामीन राहावे. आपल्यातील सुताराकडून, गवंड्याकडून, वेल्डरकडून काम करून घ्यावे, ठरलेला दाम वेळेवर द्यावा आणि काम चुकले तर स्पष्ट सांगावे. सवलतीचे गिऱ्हाईक कारागिराला बिघडवते, तर चोख गिऱ्हाईक त्याला कारखानदार बनवते.

पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाचीही अशीच दोन वर्षे आज चालू असतील. ती त्याला एकट्याने काढावी लागू नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.