मोडेम आहे, पण तो ओळखला गेला काय?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशातील चार महानगरांत इंटरनेटची सेवा जनतेस खुली केली. पुढे ती नांदेड, लातूर भागात पोहोचली, ती दूरध्वनीच्या तारेवरून. संगणकाच्या संकेतांचे ध्वनीत व ध्वनीचे पुन्हा संकेतांत रूपांतर करणारे साधन म्हणजे मोडेम होय. आज त्याची जागा ब्रॉडबँड व मोबाइलने घेतली असली, तरी जुन्या संगणकावर लिनक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तो उत्तम शिक्षक आहे. मात्र किनवटच्या वा उदगीरच्या मुलाने दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या गावी खेप घालावी, दिवस व एस.टी.चे भाडे खर्चावे आणि दोष केवळ तारेत निघावा, असे होऊ नये. यासाठी तपासणी क्रमाने करावी.

प्रथम मोडेम कोठे जोडला आहे ते पाहावे. संगणकाच्या आत बसविलेला मोडेम 'एलएसपीसीआय' या आज्ञेने व यूएसबीचा 'एलएसयूएसबी'ने यादीत दिसतो. सिरियल तारेने जोडलेला मोडेम या याद्यांत येत नाही; त्याचे द्वार 'टीटीवायएस-०' किंवा 'टीटीवायएस-१' असते. 'डीमेसेज' या आज्ञेच्या नोंदींत हे द्वार आढळते. परंतु द्वार आढळले म्हणजे मोडेम आढळला असे नव्हे. दारामागे कोणी आहे काय, हे हाक मारल्यावाचून कळत नाही.

ती हाक म्हणजे 'एटी' ही दोन अक्षरे. 'मिनीकॉम' या कार्यक्रमात योग्य द्वार निवडून ती टंकित करावीत. 'ओके' असे उत्तर आले, की मोडेम ओळखला गेला. 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' ही आज्ञा हेच काम आपोआप करते. परवानगी नाकारली गेल्यास दोष मोडेमचा नसून वापरकर्त्याच्या अधिकाराचा असतो.

यादीत नाव आहे, पण उत्तर नाही, असे झाल्यास तो बहुधा 'विनमोडेम' असतो. त्याचे बरेचसे काम संगणकातील प्रणालीवर सोपविलेले असल्याने त्यास स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. उलट, 'ओके' येऊनही क्रमांक फिरविताना 'नो डायलटोन' असा संदेश आल्यास दूरध्वनीची तार तपासावी.

मोबाइल जाळ्याचे अनेक डोंगल आजही याच 'एटी' आज्ञांना उत्तर देतात. म्हणून जुन्या मोडेमवर गिरविलेला हा धडा वाया जात नाही. दोष यंत्राचा, आज्ञावलीचा की तारेचा, हे ज्याला निवडता आले, त्याची अर्धी दुरुस्ती घरीच झाली.